मोठमोठ्या संख्या आणि अनंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतली मुलं, त्यांचे पालक, स्पर्धा परीक्षा देणारे आणि निवृत्तीनंतर पुन्हा गणिताकडे वळलेले लोक हे प्रश्न सतत पाठवत असतात. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे नेमके अडचणीच्या जागी बोट ठेवणारे. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे. वाचताना एक सवय लावून घ्या: ‘अनंत’ हा शब्द आला की आधी ‘कोणत्या अर्थानं?’ असं विचारा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

१. कोटी, अब्ज यांच्या पुढे मराठीत काय म्हणतात?

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) अठरा स्थानं दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. आज आपण अयुताला दहा हजार, प्रयुताला दहा लाख आणि अर्बुदाला दहा कोटी म्हणतो. अब्जाच्या पुढची नावं रोजच्या बोलण्यातून गेलीच आहेत. अर्थसंकल्पाच्या बातमीतही ‘लाख कोटी’ असंच येतं.

२. बिलियन आणि ट्रिलियन म्हणजे आपले किती?

एक बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, ‘लीलावती’तलं महापद्म. दोन ठिकाणी जपा. हिंदीतला ‘खरब’ म्हणजे एकावर ११ शून्यं, पण भास्कराचार्यांचा खर्व म्हणजे एकावर १०. आणि जर्मन किंवा फ्रेंच मजकुरात ‘बिलियन’ दिसलं तर ते एकावर १२ शून्यं असतं. भाषांतर करताना इथे हजारपटीची चूक सहज होते.

३. जगातली सर्वांत मोठी संख्या कोणती?

अशी संख्या नाही. तुम्ही जी सांगाल तिच्यात १ मिळवला की तिच्याहून मोठी तयार होते. नाव असलेली सर्वांत मोठी कोणती, असं विचारलंत तरी उत्तर टिकत नाही, कारण नाव कधीही देता येतं. विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: एखाद्या खऱ्या गणिती कामात किती मोठी संख्या लागली? त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

४. मग ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशी बातमी कशी येते?

बातमीत ‘आजवर माहीत असलेली’ हे शब्द गाळलेले असतात. मूळ संख्यांना शेवट नाही, हे युक्लिडनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. तुमच्या यादीतल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि १ मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येनं भागलं तरी बाकी १ उरते, म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच असणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक धरले तर ती छापायला सुमारे १३,७०० पानं लागतील.

५. गुगोल म्हणजे काय? गूगलशी त्याचा संबंध आहे का?

गुगोल म्हणजे एकावर १०० शून्यं. अमेरिकन गणिती एडवर्ड कासनर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्यानं, मिल्टन सिरोटानं, हे नाव सुचवलं आणि १९४० च्या एका पुस्तकातून ते सगळीकडे पोचलं. गूगल कंपनीचं नाव याच शब्दाच्या बदललेल्या स्पेलिंगमधून आलं आहे. दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज एकावर ८० शून्यं असा देतात; म्हणजे गुगोल त्याहूनही पुष्कळ मोठा. एकावर ‘गुगोल इतकी’ शून्यं दिली की गुगोलप्लेक्स. तो लिहून काढणं अशक्य आहे, कारण प्रत्येक अणूवर एक शून्य लिहिलं तरी अणू पुरणार नाहीत.

६. इतक्या मोठ्या संख्या खऱ्या व्यवहारात कुठे भेटतात?

मोजायच्या वस्तूंमध्ये फारशा नाही. मांडणीच्या शक्यता मोजायला लागलं की लगेच. पत्त्यांचा कॅट घ्या. ५२ पानं किती क्रमांनी लावता येतील? ५२ × ५१ × ५० × … × १, म्हणजे साधारण ८ वर ६७ शून्यं. पृथ्वीवरची ८०० कोटी माणसं विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला एकदा पानं पिसत बसली असती, तरी क्रमांची संख्या एकावर २८ शून्यांपर्यंतही पोचली नसती. म्हणून नीट पिसलेला कॅट ज्या क्रमात तुमच्या हातात येतो, तो क्रम याआधी कोणाच्याही हाती आलेला नसणार, असं जवळपास खात्रीनं म्हणता येतं.

हीच गोष्ट कॅल्क्युलेटरवरही दिसते. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९ चं फॅक्टोरियल (६९ × ६८ × … × १) काढा, उत्तर येतं. ७० चं काढलंत की एरर येते, कारण ते उत्तर गुगोल ओलांडतं आणि त्या यंत्राच्या घातांकाला दोनच अंकांची जागा असते.

७. ग्रॅहमची संख्या खरंच इतकी मोठी आहे का? ती कशासाठी लागली?

हो. आणि ती केवळ मोठी संख्या सांगायची म्हणून बनवलेली नाही, म्हणून मला ती आवडते.

प्रश्न असा होता. घनाचे सगळे कोपरे एकमेकांना रेषांनी जोडा आणि प्रत्येक रेषा लाल किंवा निळी रंगवा. एकाच प्रतलातले चार कोपरे असे मिळतीलच का, की त्यांना जोडणाऱ्या सहाही रेषा एकाच रंगाच्या आहेत? आपल्या तीन मितींच्या घनात हे टाळता येतं. पण मिती वाढवत नेल्या तर एका टप्प्यानंतर ते टाळता येत नाही, हे रोनाल्ड ग्रॅहम आणि ब्रूस रॉथशिल्ड यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं. तो टप्पा कोणता हे कळलं नाही. ‘अमुक मितींच्या आत तो येतोच’ इतकंच कळलं. ती ‘अमुक’ मर्यादा सांगताना ग्रॅहम यांनी गणितावर सर्वांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरना जी संख्या दिली, ती १९७७ मध्ये गार्डनर यांच्या लेखातून प्रसिद्ध झाली.

ती लिहायला डोनाल्ड नुथ यांची बाणांची पद्धत लागते. ३↑३ म्हणजे ३ चा तिसरा घात, २७. ३↑↑३ म्हणजे ३ चा २७ वा घात: ७६,२५,५९,७४,८४,९८७, म्हणजे साडेसात लाख कोटींच्या वर. ३↑↑४ म्हणजे ३ चा ‘इतकाच’ घात. त्यात सुमारे ३.६ लाख कोटी अंक आहेत. आता ३↑↑↑३ पाहा: ३ वर ३ वर ३ अशी घातांची चळत, आणि त्या चळतीत साडेसात लाख कोटींहून अधिक तिना. ३↑↑↑↑३ त्याच्याही पलीकडे. ही झाली पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत दोन तिनांच्या मध्ये ‘पहिल्या पायरीच्या उत्तराइतके’ बाण येतात, तिसऱ्या पायरीत दुसऱ्याच्या उत्तराइतके, आणि अशा ६४ पायऱ्या.

तरीही तिचा शेवटचा अंक आपल्याला माहीत आहे: ७. तिनाच्या घातांचे शेवटचे अंक ३, ९, ७, १ असे फिरत राहतात. इथे घातांक स्वतः तिनाचा विषम घात असल्यामुळे त्याला ४ नं भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून फेऱ्यातला तिसरा अंक येतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर? निदान १३ मिती लागतात हे सिद्ध झालं आहे. वरची मर्यादाही नंतर पुष्कळ खाली आली. नेमका आकडा अजून कोणालाच सापडलेला नाही.

८. इतकी मोठी संख्या अनंताच्या जवळ तरी असेल ना?

नाही. ग्रॅहमच्या संख्येच्या पुढेही तितक्याच संख्या उरतात जितक्या ५ च्या पुढे उरतात. का, ते प्रश्न १४ मध्ये.

९. अनंत ही संख्या आहे का?

शाळेत आपण ज्यांना संख्या म्हणतो (नैसर्गिक, पूर्णांक, परिमेय, वास्तव) त्यांत अनंत नाही. ∞ हे चिन्ह जॉन वॉलिस यांनी १६५५ मध्ये वापरलं. ‘सीमा’ (लिमिट) शिकवताना ते येतं तेव्हा त्याचा अर्थ ‘कोणतीही मर्यादा घाला, ती ओलांडली जाते’ एवढाच असतो. नववीत ‘अनंत संच’ येतो तेव्हा अर्थ वेगळा: ज्याचे घटक मोजून संपत नाहीत असा संच. तिसरा अर्थ क्रमाचा, तो प्रश्न १७ मध्ये आहे. या तिन्हींचे नियम वेगवेगळे आहेत आणि एकाचा नियम दुसरीकडे लावला की विरोधाभास दिसू लागतात.

१०. शून्यानं भागलं की अनंत येतं, असं भास्कराचार्यांनी म्हटलंय. मग पुस्तकात ‘व्याख्या नाही’ असं का?

भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि ही राशी अनंत आहे असं सांगितलं. त्यांचा श्लोक सुंदर आहे: प्रलयाच्या वेळी आणि सृष्टीच्या वेळी असंख्य जीव अनंत अच्युतात शिरतात आणि बाहेर पडतात तरी त्याच्यात फरक पडत नाही, तसं खहर राशीत कितीही मिळवलं किंवा त्यातून काढलं तरी तिच्यात विकार होत नाही. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य मानलं होतं. त्या तुलनेत ही मोठी झेप आहे.

अडचण कुठे येते ते पाहा. ६ ÷ २ = ३, कारण ३ × २ = ६. मग ६ ÷ ० जे काही असेल त्याला शून्यानं गुणलं की ६ यायला हवेत, आणि तसं काहीच सापडत नाही. शिवाय १ ला ०.१, ०.०१, ०.००१ नं भागत गेलात तर उत्तर वाढत जातं, पण −०.१, −०.०१ नं भागत गेलात तर ते ऋण बाजूला पळतं. दोन वाटा दोन टोकांना जातात.

‘लीलावती’तलंच एक उदाहरण घ्या: अशी कोणती संख्या, जिला शून्यानं गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिपटीनं वाढवलं आणि शून्यानं भागलं की ६३ येतात? उत्तर दिलं आहे १४. (१४ + ७) × ३ = ६३. इथे गुणणारं आणि भागणारं शून्य एकमेकांना कापतं असं धरलं आहे. त्या जागी ‘शून्याकडे जाणारी लहान राशी’ घेतली तर हे गणित अगदी बरोबर आहे, आणि तो विचार सीमेच्या कल्पनेच्या फार जवळचा आहे. मात्र खरं शून्य घेऊन अशी काटछाट सर्रास केली, तर १ × ० = २ × ० वरून १ = २ निघेल. म्हणून आजची पुस्तकं ‘व्याख्या नाही’ म्हणतात.

११. पण माझा कॉम्प्युटर १ ÷ ० चं उत्तर ‘इन्फिनिटी’ देतो!

जावास्क्रिप्ट देतं, पायथन एरर देतं, एक्सेलही एरर देतं. दशांशी आकडेमोडीच्या प्रमाण नियमांत ‘इन्फिनिटी’ नावाची एक खूण ठेवली आहे. नेहमीच्या ६४ बिटांच्या साठवणीत साधारण १.८ वर ३०८ दशांश स्थानं सरकवून येणाऱ्या संख्येपर्यंतच जागा असते. त्यापुढे गेलं तरी हीच खूण उमटते. हा यंत्राच्या सोयीचा करार आहे, गणितातला सिद्धांत नव्हे.

१२. ०.९९९… म्हणजे १ ला थोडं कमी ना?

नाही, बरोबर १. १/३ = ०.३३३… हे सगळ्यांना मान्य असतं. दोन्ही बाजूंना ३ नं गुणा. तरी मन मानत नसेल तर १ आणि ०.९९९… यांच्या मधली एक तरी संख्या शोधून पाहा. नऊंची रांग कुठेतरी संपते असं डोळ्यांपुढे येतं, म्हणून फरक उरल्यासारखा वाटतो. एकाच संख्येची ही दोन लेखनं आहेत, आणि हा मुद्दा प्रश्न १५ मध्ये लागणार आहे.

१३. अनंत पदांची बेरीज सांत (मर्यादित) कशी येते? आणि १ + २ + ३ + … = −१/१२ खरं का?

१/२ + १/४ + १/८ + … मध्ये दर वेळी १ पर्यंतच्या उरलेल्या अंतराचं अर्धं कापलं जातं. बेरीज १ ओलांडू शकत नाही आणि १ च्या हव्या तितक्या जवळ जाते. म्हणून तिची किंमत १. केरळच्या माधवाचार्यांच्या परंपरेत १ − १/३ + १/५ − १/७ + … = पाय (π) भागिले ४ ही अनंत श्रेणी युरोपच्या कितीतरी आधी माहीत होती.

पण पदं लहान होत गेली म्हणजे बेरीज सांत असेलच असं नाही. १ + १/२ + १/३ + १/४ + … ही बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते, फक्त विलक्षण संथपणे: १० ओलांडायला १२,३६७ पदं, २० ओलांडायला २७ कोटींहून अधिक.

−१/१२ बद्दल स्पष्ट सांगतो. नेहमीच्या अर्थानं १ + २ + ३ + … ला सांत बेरीज नाही. १ + १/२ˢ + १/३ˢ + … या श्रेणीतून मिळणाऱ्या फलाला (फंक्शनला) झीटा म्हणतात. s च्या जागी −१ ठेवलं की ती आपली १ + २ + ३ + … होते, पण तिथे श्रेणीला सांत बेरीज नसते. हे फल श्रेणीच्या हद्दीबाहेर एकाच सुसंगत रीतीनं वाढवता येतं, आणि तिथे −१ या जागी त्याची किंमत −१/१२ येते. रामानुजन यांनी फेब्रुवारी १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डींना हे कळवलं तेव्हाही ‘माझ्या सिद्धांतानुसार’ असं म्हणूनच. ती अट गाळून हे समीकरण फिरवणारे व्हिडिओ मुलांचं नुकसान करतात असं माझं मत आहे.

१४. सम संख्या नैसर्गिक संख्यांच्या निम्म्याच असणार ना?

‘तितक्याच’ म्हणजे काय, ते आधी ठरवू. दोन संचांतल्या घटकांची एकास एक संगती लावता आली आणि कोणीच उरलं नाही, तर दोन्ही संच सारखे. १ ला २, २ ला ४, ३ ला ६… अशी जोडी लावा. एकही नैसर्गिक संख्या उरत नाही, एकही सम संख्या उरत नाही. म्हणजे दोन्ही तितकेच. वर्गसंख्यांची अशीच जोडी गॅलिलिओनं १६३८ मध्ये लावली होती. पण ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द अनंताला लागूच नाहीत, असं म्हणून तो थांबला. जर्मन गणिती गेऑर्ग कँटरनं तीच जोडी व्याख्या म्हणून स्वीकारली.

जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टचं काल्पनिक हॉटेल याच कल्पनेवर उभं आहे. अनंत खोल्या, सगळ्या भरलेल्या. नवा पाहुणा आला की प्रत्येकाला पुढच्या खोलीत जायला सांगा; पहिली रिकामी. अनंत पाहुण्यांची बस आली तर प्रत्येकाला आपल्या क्रमांकाच्या दुपटीच्या खोलीत पाठवा. विषम खोल्या सगळ्या रिकाम्या. अपूर्णांकसुद्धा याच रीतीनं ओळीत बसवता येतात.

१५. सगळे अनंत संच सारखेच असतात का? एक अनंत दुसऱ्याहून मोठं कसं?

कँटरनं १८७४ मध्ये दाखवलं की वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांशी जोडता येत नाहीत. त्याची १८९१ ची कर्णाची युक्ती कागदावर करून पाहा. ० आणि १ मधल्या सगळ्या संख्यांची क्रमवार यादी केली, असा कोणी दावा केला समजा:

पहिली ०.४१५०९…
दुसरी ०.३३३३३…
तिसरी ०.७०७१०…
चौथी ०.१२३४५…
पाचवी ०.५००००…

पहिलीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे तिरके अंक उचला: ४, ३, ७, ४, ०. प्रत्येकात १ मिळवा. अंक ८ किंवा ९ असेल तर त्याजागी १ लिहा. मिळालं ०.५४८५१… ही संख्या पहिलीहून पहिल्या अंकात वेगळी, दुसरीहून दुसऱ्या अंकात, शंभराव्या संख्येहून शंभराव्या अंकात. म्हणजे ती यादीत कुठेच नाही. ती यादीत घातली तर? नव्या यादीवर तीच युक्ती चालते. ० आणि ९ मुद्दाम टाळले, नाहीतर प्रश्न १२ मधली दुहेरी लेखनं गोंधळ घालतील.

यादीत बसणाऱ्या अनंत संचांना गणनीय म्हणतात, न बसणाऱ्यांना अगणनीय. पुढे रेषाखंडावर आणि चौरसात बिंदू सारखेच आहेत हे सापडलं, तेव्हा १८७७ मध्ये कँटरनं गणिती डेडेकिंडला लिहिलं की मला दिसतंय, पण विश्वास बसत नाही. क्रोनेकरसारख्या वजनदार गणितींनी त्याच्या कामाला कडाडून विरोध केला. हिल्बर्टनं मात्र पुढे सांगितलं की कँटरनं उभारलेल्या नंदनवनातून आपल्याला कोणी हाकलू शकणार नाही.

१६. मग अनंताचे प्रकार किती? नैसर्गिक आणि वास्तव संख्यांच्या अनंतांमधलं काही आहे का?

प्रकारांनाही शेवट नाही. तीन घटकांच्या संचाला ८ उपसंच असतात. कोणत्याही संचाचे उपसंच त्याच्या घटकांहून जास्तच भरतात, अनंत संचाचेसुद्धा. म्हणून प्रत्येक अनंताच्या वर मोठं अनंत आहे. नैसर्गिक संख्यांच्या अनंताला कँटरनं आलेफ शून्य हे नाव दिलं.

मधल्या अनंताचा प्रश्न हिल्बर्टनं न सुटलेल्या प्रश्नांच्या १९०० च्या यादीत पहिलाच ठेवला. ग्योडेल यांनी १९४० पर्यंत दाखवलं की संचांच्या नेहमीच्या गृहीतकांवरून ‘मधलं काही नाही’ हे खोटं ठरवता येत नाही. पॉल कोहेन यांनी १९६३ मध्ये दाखवलं की ते खरंही ठरवता येत नाही. या गृहीतकांत हा प्रश्न सुटत नाही, हेच सिद्ध झालं आहे.

१७. अनंत + १ = अनंत, की मोठं?

संख्येनं मोजत असाल तर तेवढंच (प्रश्न १४ मधलं हॉटेल). क्रमानं मोजत असाल तर जपून. दर्शनाची न संपणारी रांग आहे समजा: पहिला, दुसरा, तिसरा… एक माणूस सगळ्यांच्या पुढे घुसला तर रांगेचं रूप बदलत नाही. तोच सगळ्यांच्या मागे उभा राहिला तर बदलतं, कारण आता रांगेला शेवटचा माणूस आहे आणि त्याच्या पुढे अनंत लोक आहेत. पहिल्या न संपणाऱ्या रांगेच्या क्रमाला ओमेगा म्हणतात. म्हणून क्रमांच्या गणितात १ + ओमेगा = ओमेगा, पण ओमेगा + १ त्याहून मोठा.

१८. ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ म्हणजे ∞ − ∞ = ∞ च ना?

‘पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं’ हे मोहक वाटतं, पण ∞ − ∞ चं ठरलेलं उत्तर नाही. नैसर्गिक संख्यांतून सम काढा, अनंत उरतात. १० च्या पुढच्या सगळ्या काढा, दहा उरतात. सगळ्या काढा, काहीच उरत नाही. बृहदारण्यक उपनिषदातला हा मंत्र ब्रह्माविषयी बोलतो. त्याला समीकरण बनवण्यात मंत्राचंही भलं नाही आणि गणिताचंही.

भारतीय परंपरेत कँटरच्या जवळचं काही शोधायचं असेल तर जैन ग्रंथ वाचा. ‘अनुयोगद्वारसूत्रा’त संख्यात, असंख्यात आणि अनंत असे वर्ग आणि त्यांचे पोटभेद आहेत. प्रचंड सांत संख्या उभारण्यासाठी जंबूद्वीपाएवढे खड्डे मोहरीच्या दाण्यांनी भरण्याची रीतही जैन परंपरेत येते. सगळे अनंत सारखे मानायचे नाहीत, ही जाण तिथे स्पष्ट आहे. सिद्धता मात्र कँटरची.

१९. पायचे अंक अनंत आहेत, म्हणजे माझा मोबाईल नंबर त्यात असणारच का?

तुमचा नंबर आहे. पायच्या पहिल्या सुमारे २४ हजार कोटी अंकांत दहा अंकी प्रत्येक क्रम कुठे ना कुठे येऊन जातो, हे संगणकानं शोधून पाहिलं आहे. पण ‘अनंत आहे म्हणजे सगळं असणारच’ हे कारण चुकीचं आहे. ०.१०१००१०००१००००१… ही दशांश मांडणी संपत नाही आणि आवर्तीही होत नाही, तरी तिच्यात २ कधीच येत नाही, लागोपाठ दोन १ सुद्धा येत नाहीत. पायमध्ये हव्या त्या लांबीचा प्रत्येक क्रम सापडतोच, असा बहुतेक गणितींचा कयास आहे. सिद्धता अजून कोणाजवळ नाही.